लोहाराची पायवाट, सोनाराची पोढी



या सदरातून आपण कधी नद्यांची, कधी यंत्रांची, कधी दूरदेशीच्या पशुपक्ष्यांची माहिती करून घेतो. या वेळी फार लांब जायचे नाही. विषय आम्ही शोधला नाही, तोच आमच्याकडे चालत आला.

वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारातर्फे मुलांची सहल भाजे लेण्यांना गेली होती. मळवली स्टेशनावर उतरलो, चिखल तुडवीत गाव ओलांडले, पायऱ्या चढून वर गेलो. चैत्यगृहात मुलांनी त्रिसरण-पंचशील म्हटले. बाहेर येतो तो दुसरा एक घोळका उभा. त्यातले एक गृहस्थ आपल्या घरच्यांना सांगत होते, "ही पांडवांची लेणी. वनवासात असताना एका रात्रीत खोदली. कोंबडा आरवला म्हणून काम अर्धे राहिले." आमची मुले तोंडावर हात ठेवून हसली. आठवीतली एक मुलगी मात्र हसली नाही. तिने आम्हाला बाजूला घेतले आणि विचारले, "काका, पांडवांनी नाही खोदली हे मला माहीत आहे. पण मग कोणी खोदली?" आम्ही ठरावीक उत्तर दिले, की सातवाहन राजांच्या काळात खोदली. ती म्हणाली, "राजाने छिन्नी हातात धरली होती का? ज्यांनी धरली त्यांची नावे काय?"

या मुलीचे वडील सेंट्रिंगच्या कामावर जातात. इमारत कोण उभी करतो आणि फाटकावर पाटी कोणाच्या नावाची लागते, हे तिला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. घरी येऊन पुस्तके उघडली, जाणकारांना विचारले. जे हाती लागले ते आज सर्वांपुढे ठेवतो.

सुरुवात दगडापासून करू, कारण खोदणाऱ्यानेही सुरुवात दगडापासूनच केली होती.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या दगडाचा आहे. आपल्या घरातला पाटा-वरवंटा, जाते, रस्त्यावरची खडी, सगळे त्याच जातीचे. शास्त्रात त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि पोटातला तापलेला रस बाहेर येऊन पसरला. चित्रात दाखवतात तसा शंकूच्या आकाराचा एखादा डोंगर धूर ओकत होता, असे इथे समजू नये. रस भेगांतून उतू गेला, सपाट पसरला आणि थंड झाला. मग बऱ्याच काळाने त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. असे थरावर थर साचले. पश्चिमेकडे, म्हणजे सह्याद्रीच्या बाजूला, त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या दगडाखाली आहे. (डायनोसॉर पृथ्वीवरून नाहीसे झाले तो काळ साधारण हाच. ते आकाशातून पडलेल्या अशनीमुळे गेले, की त्यात या उद्रेकांचाही हात होता, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही.)

पुण्याकडे जाताना आगगाडीच्या खिडकीतून डोंगर पाहा. ते पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. कठीण थर उभा कडा होऊन राहतो आणि मऊ थर झिजून उतार बनतो. इंग्रजीत या प्रदेशाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

सगळे थर सारखे नसतात, हे विहीर खोदणारा माणूस कोणत्याही प्राध्यापकाइतके जाणतो. वर मुरूम लागतो, खाली मांजऱ्या लागतो, मध्येच तांबडा गेरू लागतो, आणि मग पहारीला ठिणगी पाडणारा काळा पाषाण. मांजऱ्यात बारीक बारीक भोके असतात, काही भोकांत पांढऱ्या चकचकीत गारगोट्या बसलेल्या असतात. रस निवताना त्यातली वाफ अडकून राहिली, त्या वाफेची ही घरे. गेरूचा थर म्हणजे दोन उद्रेकांमधल्या शांत काळात उन्हापावसाने कुजलेला दगड. लेणे खोदायचे तर थर जाड हवा आणि सलग हवा, भेगा कमी हव्यात. छिन्नीला दाद देईल इतपत तो मऊ हवा, आणि छत कोसळणार नाही इतपत घट्ट हवा. असा थर डोंगराच्या कड्यात उघडा पडलेला शोधायचा. बहुतेक ठिकाणी लेणी एका ओळीत, साधारण एकाच उंचीवर दिसतात, त्याचे कारण हेच. चांगला थर जिथून जातो तिथूनच लेण्यांची ओळ जाते.

डोंगर खोदून निवारा करण्याची ही रीत आपल्याकडे पहिली नव्हे. बिहारमधल्या बराबर टेकड्यांत सम्राट अशोकाने आजीवक नावाच्या श्रमणांना गुहा दान दिल्या, त्या इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातल्या. तो दगड ग्रॅनाइट आहे, आपल्या दगडाहून किती तरी हट्टी. पण भारतात मोजून बाराशेच्या आसपास लेणी आहेत आणि त्यातली बहुतेक महाराष्ट्रात आहेत. यातली सर्वांत जुनी भाजे, कोंढाणे, पितळखोरे अशा ठिकाणची. ती बावीसशे वर्षांच्या आगेमागे जातात.

ती ठिकाणे अशीतशी निवडलेली नाहीत. नकाशा पुढे घ्या. कोकणात सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे, घाटावर जुन्नर, नाशिक, पैठण, तेर ही गावे. बंदरावर उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा. बोरघाटाच्या आसपास कार्ले, भाजे, बेडसे आणि कोंढाणे आहेत. नाणेघाटाच्या माथ्याजवळ जुन्नर आहे आणि त्याच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत. एवढी लेणी एका गावाभोवती दुसरीकडे कुठे नाहीत. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा मोठा शिलालेख आहे. त्यात दानाच्या गाई-घोड्यांचे आणि नाण्यांचे आकडे कोरलेले आहेत. आज जगभर चालणाऱ्या अंकांच्या अगदी जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. गणिताच्या पेपरला घाबरणाऱ्या आमच्या बालमित्रांनी हे ध्यानात ठेवावे, आकडे आपल्याच घाटातून गेले आहेत.

भिक्खूंना पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचे असते. आपण विहारात वर्षावास पाळतो तो त्यातूनच आलेला. सह्याद्रीतला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला पक्क्या छताची गरज सांगावी लागत नाही. आणि वाटेवर जागा असल्याने भिक्खूंना भिक्षा मिळे, वाटसरूंना धम्म ऐकायला मिळे. डोंगराने एका हाताने वाट दिली आणि दुसऱ्या हाताने दगड दिला.

आता खोदण्याचे काम. आपण घर बांधतो तेव्हा पाया घालून वर चढतो. लेणे उलटे चालते. आधी कडा तासून सरळ भिंतीसारखा करायचा. मग वर, जिथे छत येणार तिथे शिरायचे आणि छत पूर्ण करून खाली उतरत यायचे. अशाने पराती बांधाव्या लागत नाहीत, आपण ज्या दगडावर उभे आहोत तोच पुढे खोदायचा असतो. खांब बाहेरून आणून उभे करायचे नसतात, ते दगडात आधीच असतात. भोवतालचा दगड काढला की खांब उरतो. अर्धवट सोडलेल्या लेण्यांतून ही पद्धत उघड दिसते. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे किंवा कान्हेरीचे पहिले लेणे पाहावे. तिथे जाड जाड ओबडधोबड खांब अजून दगडातून पुरते सुटलेले नाहीत. काम अर्धे राहिले त्याला कोंबडा कारण नव्हे. पैसा संपतो, राज्य बदलते, दगडात भेग निघते, पाणी झिरपू लागते. अर्धे राहिलेले बांधकाम आपल्या शहरात काय कमी आहे?

यात चूक करायला जागा नाही. विटेचे काम चुकले तर वीट काढून बसवता येते. इथे खांबाचा टवका उडाला तर तो कायमचा उडाला. दारूचा सुरुंग तेव्हा नव्हता. होते ते लोखंड, म्हणजे छिन्न्या, पहारी, हातोडे. पाट्याला टाकी लावणाऱ्या बाईला विचारा, तासाभरात छिन्नीचे तोंड बोथट होते. लेण्याच्या कामावर रोज शेकडो छिन्न्या शेवटायला लागत असतील, म्हणजे भाता, कोळसा आणि लोहार सतत शेजारी हवेत. म्हणून आम्हाला वाटते, लेण्याचा पहिला कारागीर पाथरवट नव्हे, लोहार. पुढे एका लोहाराचे नाव येणार आहे.

आणि सुतार? भाजे येथील चैत्यगृहाचे खांब नीट पाहा, ते सरळ उभे नाहीत, आत कललेले आहेत. आमच्या मुलांपैकी एकाला वाटले की खोदणाऱ्याची चूक झाली. चूक नव्हे. लाकडी इमारतीत कमानदार छप्पर आपल्या वजनाने खांबांना बाहेर ढकलते, म्हणून सुतार खांब आत कलते रोवतो. दगडात याची काही गरज नाही, कारण छत आणि खांब एकच दगड आहेत. तरी त्यांनी खांब कलतेच ठेवले. याचा अर्थ त्यांच्या डोळ्यांपुढे लाकडी चैत्यगृहे होती, त्यांचा हात लाकडाला सरावलेला होता. ती लाकडी घरे कुजून गेली, त्यांचा दगडातला साचा तेवढा राहिला. कार्ल्याचे मोठे चैत्यगृह त्यानंतरचे, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे. ते सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळजवळ तेवढेच उंच आहे. तिथे खांब सरळ झाले आहेत, म्हणजे कारागीर दगडाचा स्वभाव ओळखून होते. पण छताला मात्र सागवानाच्या कमानी लावल्या आहेत. त्यातल्या पुष्कळशा मूळच्या आहेत. दोन हजार वर्षांचे सागवान डोक्यावर आहे, हे कळल्यावर मान वर केल्याशिवाय राहवत नाही.

इथवर दगड झाला. पण माणूस दगडात राहिला तरी त्याला पाणी लागतेच.

डोंगरात पाऊस चार महिने कोसळतो आणि आठ महिने टिपूस नसतो. कड्यावर विहीर खोदता येत नाही. मग लेण्याशेजारीच खडकात टाके खोदायचे. त्याला कोरीव लेखांत 'पोढी' म्हटले आहे, 'पाणियपोढी' म्हणजे पिण्याच्या पाण्याची पोढी. तोंड लहान, आत पोट मोठे. तोंड लहान असले की ऊन आत शिरत नाही, पाणी वाफ होऊन उडत नाही, पाचोळाही कमी पडतो. वरच्या उघड्या कातळावर बोट-दोन बोटे खोल पन्हाळी कोरायच्या, म्हणजे पावसाचे पाणी इकडेतिकडे न जाता पोढीतच येते. घट्ट काळा पाषाण पाणी पीत नाही, पोढी पाझरत नाही.

हे सगळे एका जागी पाहायचे असेल तर कान्हेरीला जावे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली ही शंभराहून अधिक लेणी म्हणजे डोंगरावरचे एक गावच. हजार वर्षे तिथे भिक्खूंची वस्ती होती. जवळजवळ प्रत्येक विहाराला स्वतःची पोढी आहे आणि कातळावर पन्हाळींचे जाळे आहे. मुंबईत आजही ज्या वस्त्यांत पहाटे चारला नळावर नंबर लागतो, तिथल्या आमच्या भगिनींनी एकदा ही व्यवस्था बघून यावी. पाणी मात्र आता तसेच पिऊ नये, आणि बाटल्या पोढीत टाकू नयेत. आम्ही पाहिले, टाकलेल्या होत्या.

कान्हेरीच्या एका पोढीवर दान करणाऱ्याचे नाव आहे, कल्याणचा सोनार सामिदत्त. दुसरे एक दान सोपाऱ्याकडच्या रत्नकाम करणाऱ्या नागपालिताचे. आणि ज्याचा उल्लेख वर केला तो लोहार म्हणजे कल्याणचा नंद. त्याने काय दान दिले? पायवाट. लेण्यांकडे जाणारी वाट त्याने करून दिली आणि तसे कोरून ठेवले, 'कमार' नंदाचे दान. कमार म्हणजे लोहार. हे वाचून आम्ही थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. चैत्य नको, मूर्ती नको, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय सुखी व्हावेत म्हणून एका लोहाराने वाट दिली.

ही दाने कोणाला दिली? लेखांत पुन्हा पुन्हा येते, 'चातुदिस' भिक्खूसंघाला, म्हणजे चारी दिशांहून येणाऱ्या संघाला. कोणत्या दिशेचा, कोणत्या कुळाचा, हे विचारलेले नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९३४ साली बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. सारे धुळीने माखलेले. दाराजवळ पाण्याने भरलेला हौद होता, त्यात काहींनी हातपाय-तोंड धुतले. अस्पृश्यांनी हौद बाटवला म्हणून एक म्हातारा ओरडत धावत आला, जमाव जमला, शिव्यागाळी झाली. शेवटी, कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, या अटीवर आणि नजर ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन त्यांना किल्ला पाहू दिला. बाबासाहेबांनी ही हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. म्हणजे चारी दिशांसाठी ज्यांनी पोढ्या खोदल्या, त्यांची लेणी पाहायला निघालेल्या माणसांना वाटेत ओंजळभर पाण्यासाठी पहारा सोसावा लागला. पोढीपुढे उभे राहिलो की आम्हाला हे आठवते, मुलांनाही सांगावे.

आता दान देणाऱ्यांची यादी जरा पाहू. राजे आहेत, राण्या आहेत, मोठे व्यापारी आहेत, नाही असे नाही. कार्ल्याचे चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पुरे केले, आणि जंबुद्वीपात यासारखे दुसरे नाही, असा अभिमानही कोरून ठेवला. पण त्याच कार्ल्याला दरवाजाचे काम करून देणारा कोण? धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा. भाजे येथे बाधा नावाच्या बाईचे दान आहे, ती 'हालिक' म्हणजे नांगर धरणाऱ्याची बायको. देहूरोडजवळच्या शेलारवाडीला लेणे दिले तेही एका शेतकऱ्याच्या बायकोने, नाव सियगुतनिका. नाशिकला मुगुदास नावाच्या 'दासका'ने परिवारासह लेणे दिले. दासक म्हणजे मासेमारी करणारा, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. आणि नाशिकच्याच चैत्यगृहाच्या दारावरची कोरीव कमान धंभिक नावाच्या गावच्या लोकांनी मिळून दिली. गाववर्गणीतून, आपण विहारासाठी काढतो तशी.

नाशिकच्या या डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी. लोक पांडवलेणी म्हणतात, पण तिथले लेख काही लपून राहिलेले नाहीत. भिंतीवर फूट-फूट लांबीच्या ओळी आहेत. १० क्रमांकाच्या लेण्यातला एक लेख तर आमच्या गिरणगावातल्या वाचकांनी पाठ करावा असा आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण कायमचे ठेव म्हणून ठेवले. आता ही ठेव त्याने कोठे ठेवावी? गोवर्धन गावच्या विणकरांच्या संघांकडे! २००० एका विणकर संघाकडे, दरमहा दरशेकडा १ व्याजाने, आणि १००० दुसऱ्या विणकर संघाकडे, दरमहा दरशेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल मोडायचे नाही, व्याज तेवढे खर्चायचे. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे.

बालमित्रांनो, पाटी घ्या. २००० वर दरमहा शेकडा १, म्हणजे महिन्याला २०. वर्षाला २४०. आणि २० भिक्खूंना प्रत्येकी १२ म्हणजे? २४०. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब पैशाला पैसा जुळतो.

हिशेबाहून आम्हाला मोठी वाटते ती पत. राजाच्या जावयाने आपला पैसा सावकाराकडे ठेवला नाही, मागावर बसणाऱ्यांकडे ठेवला, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या व्याज देत राहतील असा भरवसा धरला. नाशिकलाच आणखी एक लेख आहे, विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेचा. तिने कुंभार, तेली आणि पाण्याची यंत्रे करणारे 'ओदयंत्रिक' अशा कारागिरांच्या श्रेणींकडे पैसा ठेवला, तो आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी. जुन्नरला बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी आहेत. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या कारागिरांची संघटना, युनियन म्हणा किंवा पतपेढी म्हणा. दोन्ही थोडे थोडे.

यावरून त्या काळी उच्चनीच नव्हतेच, असा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. एका दगडावरून सबंध डोंगर सांगू नये. पण ज्यांची नावे पुढच्या पोथ्यांनी घेतली नाहीत, त्यांनी आपली नावे दगडावर स्वतःच्या कमाईने कोरून घेतली आणि तिथे त्यांना कोणी अडवले नाही, एवढे नक्की.

हे लेख शेकडो वर्षे लोकांच्या डोळ्यांसमोर होते, पण वाचता कोणाला येत नव्हते. ब्राह्मी लिपी विसरली गेली होती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप या कलकत्त्याच्या टांकसाळीतल्या इंग्रज अधिकाऱ्याने तिचा उलगडा केला. सांचीच्या स्तूपावर बरेच लहान लहान लेख आहेत आणि बहुतेकांचा शेवट सारखाच होतो, हे त्याच्या ध्यानात आले. ही दानाची नोंद असावी, असे त्याने ताडले. शेवटचा शब्द 'दानं', त्यातून 'द' आणि 'न' सुटले आणि कुलूप उघडले. अशोकाचे लेखही त्यानंतरच धडपणे वाचले गेले. साध्यासुध्या माणसांनी दिलेल्या दानाने सम्राटाचे तोंड उघडले, असे म्हटले तर खोटे होणार नाही.

या लेखांची भाषा संस्कृत पंडितांची नाही, बोलीच्या जवळची प्राकृत आहे. 'लेण' हा शब्द त्यात जसाच्या तसा आहे. आपण आज लेणे, लेणी म्हणतो तो हाच. 'सुवणकार' वाचले की सोनार ओळखता येतो, 'वढकि' म्हणजे सुतार. दहावीतल्या मुलाने महिनाभर रोज अर्धा तास दिला तर ब्राह्मीची मुळाक्षरे येतात. आमच्या विहारात चार मुलांनी सुरुवात केली आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. ही झाली दान देणाऱ्यांची नावे. छिन्नी धरणाऱ्यांची नावे कुठे आहेत?

फारशी नाहीत. हजारो हात राबले आणि निघून गेले. पण शोधता शोधता दोन सापडली. एक पितळखोऱ्याला, कन्नडजवळच्या डोंगरात. तिथे यक्षाची एक ठेंगणी, हसरी मूर्ती मिळाली आणि तिच्या हाताच्या पंजावर कोरले आहे, की ही कण्हदास सोनाराने केली. सोने घडवणाऱ्या हाताने दगड घडवला आणि सही केली. 'दिली' नव्हे, 'केली'.

दुसरे नाव कोंढाण्याला. कर्जतहून कोंदिवडे गाव गाठायचे आणि तिथून रानातली वाट चढत राजमाचीच्या पायथ्याशी जायचे. चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूला एक मोठी मूर्ती होती, ती आता मोडून गेली आहे, डोक्याचा भाग तेवढा राहिला आहे. त्याच्याजवळ एकच ओळ आहे. 'कन्हस अंतेवासिना बलकेन कतं.' कन्हाचा शिष्य बलक, याने केले. कोण्या उस्तादाच्या हाताखाली शिकलेला हा कारागीर. त्याने आपले नाव कोरताना शिकवणाऱ्याचे नाव आधी घातले.

मागच्या रविवारी आम्ही त्या मुलीला ही ओळ वहीत उतरवून दिली. तिने ती वडिलांना दाखवली. ते म्हणाले, "आमच्यातही असेच असते, नवा पोरगा आला की आधी विचारतात, कोणाच्या हाताखाली काम केलेस?"

कोंढाण्याला पावसात लेण्यांपुढे धबधबा कोसळतो आणि वाट निसरडी होते, म्हणून सहल दिवाळीच्या सुट्टीत काढायची ठरली आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी विहारात नाव नोंदवावे. सोबत डबा, पाण्याची बाटली आणि अक्षरे उतरून घ्यायला वही-पेन्सिल आणावी. बाटली परत घरी न्यावी.